मदत हवी आहे: मारवाडी घोडीला कडियाळं (लगामाचा तोंडात जाणारा धातूचा भाग) कोणतं घ्यावं?

घोडी मारवाडी, सहा वर्षांची, उंची ५८ इंच, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. सोबत काटेरी लगाम होता, तो काढून टाकला. सध्या एका सांध्याचं साधं स्नॅफल (बिनदांड्यांचं कडियाळं) आहे, साडेपाच इंची, सैल कड्यांचं. दुडकीत मान झटकते, तोंड उघडते, जीभ कडियाळ्यावरून काढते आणि डावीकडे वळताना अडते. खोगीर नीट बसतं, पाठ दुखरी नाही. बरेच जण म्हणतात, लांब दांड्यांचं आणि साखळीचं घाला, मुठीत राहील. काय करावं?

पागा_सातारा:
साखळीचं आत्ता अजिबात नको. दांडीचं कडियाळं म्हणजे तरफ. खालची दांडी वरच्या दांडीच्या तिप्पट असली की तुमच्या हाताचा ओढा हनुवटीखालच्या साखळीवर साधारण तिप्पट पोचतो, शिवाय कानामागचा पट्टाही खाली खेचला जातो. घोडी थांबेल, पण दुखतंय म्हणून. तुम्ही सांगितलेली चारही लक्षणं तोंडात काहीतरी टोचत असल्याची आहेत, हट्टाची नाहीत.

आधी माप घ्या. साडेपाच इंच म्हणजे १४० मिमी. मारवाडी, काठियावाडी जनावराचं तोंड निमुळतं असतं, एवढं रुंद सहसा लागत नाही. सुतळीला गाठ मारा, गाठ एका ओठाच्या कोपऱ्याला टेकवा, सुतळी जिभेवरून सरळ दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नेऊन तिथे खूण करा. ते अंतर मिमीत मोजा. सैल कड्यांच्या कडियाळ्याला दोन्ही बाजूंना ५-५ मिमी जास्त धरा. कडी पक्की असेल (एगबट, डी या आकारांची) तर २-३ पुरे. रुंद कडियाळं तोंडात एका बाजूला सरकतं, मधला सांधा जागेवरून हलतो आणि एकीकडे वळताना हमखास टोचतो. तुमचं 'डावीकडे अडते' याच्यामुळे असू शकतं.

नालबंद:
मापाआधी तोंड उघडून बघा. वरच्या जबड्यात पहिल्या दाढेच्या पुढे हरभऱ्याएवढा दात आहे का? त्याला वुल्फ टूथ म्हणतात, कडियाळं नेमकं त्यावर आपटतं. वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार झाल्या असतील तर गाल नि जीभ सोलली जाते. पशुवैद्याकडून कानशीने घासून घ्या. हे न करता दहा कडियाळी बदलली तरी फरक नाही.

काटेरी लगामाचे व्रणही तपासा. तसला लगाम वापरायला १९६५ च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधाच्या नियमांनीच बंदी आहे, तरी बाजारात राजरोस मिळतो!

धागाकर्ती:
सुतळीने ११८ मिमी भरलं. डाव्या बाजूला वर तो छोटा दात आहे, आणि त्याच बाजूला ओठाच्या कोपऱ्यात जुना घट्टा.

पागा_सातारा:
म्हणजे कडियाळं २२ मिमी रुंद, वर दात. दात पशुवैद्य गुंगी देऊन काढतील. हिरडी भरेपर्यंत कडियाळं नको, मोहरकीवर (डोक्याला बांधायचा बिनकडियाळ्याचा पट्टा) हाताने फिरवा.

मग सैल कड्यांचं पाच इंची (१२७ मिमी), दोन सांध्यांचं, मध्ये गुळगुळीत गोळीचं घ्या. एका सांध्याचं कडियाळं ओढल्यावर अडकित्त्यासारखं मिटतं आणि टाळू उथळ असेल तर सांधा तिथे लागतो. मध्ये चपटी, तिरकी पट्टी असलेलं मिळेल, ते घेऊ नका. तिची कड जिभेत रुतते.

जाडी १४ मिमीच्या आसपास. 'जाड तेवढं मऊ' हे सगळ्यांना लागू नाही. कोपऱ्याजवळून, जिथे दात नसतात तिथून बोट घालून जीभ आणि टाळूच्या मधली जागा बघा. बोट दबत असेल तर जाडं कडियाळं तिला मावणारच नाही. धातू स्टेनलेस स्टील. स्वस्त मुलाम्याचे पापुद्रे सुटतात आणि ओठ कापतात.

नालबंद:
सैल कडी घेताना भोक बघा. झिजलं की ओठाची कातडी चिमटते. रबरी चकत्या लावा.

धागाकर्ती:
किती वर बांधायचं? दोन सुरकुत्या बघायच्या ना?

पागा_सातारा:
सुरकुत्या मोजून चालत नाही, ओठ प्रत्येकीचे वेगळे. कडियाळं ओठाच्या कोपऱ्याला टेकेल, पण ओठ वर ताणणार नाही, एवढं ठेवा. फार सैल असलं तर जीभ वरून काढायला तीच जागा मिळते. नाकपट्टा आवळून तोंड बंद करू नका. नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

पहिले तीन-चार दिवस वाद्या (हातात धरायचे लगामाचे पट्टे) न जोडता दहा-पंधरा मिनिटं घाला, लांब दोर मोहरकीलाच लावा. मग चालीत थांबवणं-चालवणं, मग दुडकी. तेव्हाही मान झटकली तर कडियाळ्याऐवजी हाताकडे बघा, बहुधा डावी वादी सतत ताणलेली असते.

घोडेवेडी_कोल्हापूर:
हॅकमोर (नाकावर दाब देणारा बिनकडियाळ्याचा लगाम) चालेल का यात? जिभेचा प्रश्नच मिटेल.

नालबंद:
दांड्यांचा हॅकमोरही तरफच. नाकावर खाली उतरला तर कूर्चेवर दाबतो, श्वास अडतो. बिनकडियाळ्याचं हवंच असेल तर साधी नाकपट्ट्याची वादी लावा, तीही आवारातच आधी.