हिशेब केवळ चिमणीपाशी थांबवू नये

बी-३०२ : काका, आपण सकाळी सोसायटीच्या गटावर लिहिलेत की वीज कोळशाची असो वा नैसर्गिक वायूची, धूर तो धूरच. हे मला पटत नाही. इंधन काढण्यापासूनचा सगळा हिशेब धरला, तर एका युनिटमागे कोळशाचे उत्सर्जन सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके होते आणि आधुनिक वायू केंद्राचे ४९० ग्रॅमच्या आसपास, असे आयपीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या) २०१४ च्या अहवालातील मध्यक, म्हणजे मधले, आकडे सांगतात. कारण वायूत मुळातच कार्बन कमी असतो, आणि अशा केंद्रात टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर वाफ करून पुन्हा वीज काढतात. गंधक, पारा आणि सूक्ष्म धूलिकण यांच्या बाबतीत तर दोघांत फारच मोठे अंतर आहे. खनिज तेल कार्बनमध्ये या दोघांच्या मध्ये बसते.

ए-१०४ : म्हणजे वायू स्वच्छ समजायचा का?

बी-३०२ : नाही ताई, आणि हीच बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि न जळता हवेत गेलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक तापमानवाढ करतो. त्यामुळे विहिरीपासून केंद्रापर्यंत काही टक्के वायू जरी गळाला, तरी त्या काळापुरता कोळशाच्या तुलनेतला त्याचा फायदा जवळजवळ संपतो. कॅलिफोर्नियातील अलिसो कॅन्यन येथील नैसर्गिक वायूच्या भूमिगत साठ्यातून ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू झालेली गळती फेब्रुवारी २०१६ मध्ये थांबली, तोवर सुमारे ९७ हजार टन मिथेन हवेत गेला होता. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वायूला उगाच निर्दोष मानले जाते.

सी-५०१ : कोळशाची राख सिमेंटमध्ये वापरतात, हेही लक्षात घ्यावे.

बी-३०२ : घ्यायलाच हवे, काका, परंतु सगळी राख तशी वापरली जात नाही. उरलेली बहुधा पाण्यात कालवून तळ्यांत साठवतात, आणि तिच्यात आर्सेनिक, शिसे व पारा असतो. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात किंगस्टन या कोळशाच्या वीजकेंद्राच्या अशाच तळ्याचा बांध फुटला आणि सुमारे ४० लाख घनमीटर गाळ घरांवर व नदीत पसरला. त्या गाळाचा खर्च विजेच्या बिलात कुठे दिसतो, हे मला आजवर कुणी दाखवलेले नाही.