मदत हवी आहे: रात्रभर चालणाऱ्या दशावतारासाठी कोणती टेलिफोटो लेन्स भाड्याने घेऊ?

नमस्कार मंडळी,

माझा मामा एकतीस वर्षं दशावतारात स्त्रीपार्ट करतोय. गुडघे आता ऐकत नाहीत, त्यामुळे यंदाच्या जत्रा झाल्या की थांबणार म्हणतो. परवा आईकडे त्याचे फोटो शोधायला बसलो. लग्नातले सापडले, शाल-श्रीफळ घेतानाचे सापडले. पण साडी नेसून, रंग लावून रंगमंचावर उभा असलेला मामा एकाही धड फोटोत नाही. मोबाइलवर काढलेले चार-पाच आहेत, त्यांत चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा गोळा आहे.

मार्गशीर्षात आमच्या गावच्या जत्रेला (कुडाळ तालुका) त्याच्याच मंडळाचं नाटक आहे. मला ही एकच रात्र मिळणार आहे, म्हणून आधीच विचारून घेतो.

कॅमेरा निकॉन डी५६००. सोबत १८-५५ आणि ७०-३०० (एफ ४.५-६.३) या दोन लेन्स. गेल्या वर्षी ७०-३०० वापरून पाहिली. एफ ६, शटर १/६०, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ६४००. रंगमंचावरचं बाकडं स्पष्ट आलं, मृदंगवाले काका स्पष्ट आले, मामा मात्र पुसल्यासारखा. एका फोटोत त्याचा हात कमरेवर स्थिर होता, तर हातातल्या बांगड्या मोजता येतात. चेहरा वळत होता, तिथे दोन नाकं दिसतात.

जागा देवळासमोरच्या मांडवात. भावाला टेप घेऊन पाठवलं होतं. बाकड्यापासून मी बसणार त्या खांबापर्यंत सहा मीटर. प्रकाश म्हणजे समोर बांबूवर दोन एलईडी फ्लड आणि बाजूला एक रंग बदलणारा दिवा.

पुण्यातल्या दुकानात निकॉन माउंटच्या या लेन्स भाड्याने मिळतात: जुनी ८०-२०० एफ २.८ डी (सगळ्यात स्वस्त), निकॉन ७०-२०० एफ २.८ व्हीआर टू, टॅमरॉन ७०-२०० एफ २.८ जी टू, सिग्मा ५०-१०० एफ १.८ आणि ८५ एफ १.८ जी. जाऊन-येऊन चार दिवसांचं भाडं पडेल. सहा-साडेसहा हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. स्वस्तातली ८०-२०० घेऊन उरलेल्या पैशांत मोनोपॉड घ्यावा असं मनात आहे. बरोबर आहे का?

प्रतिसाद १

८०-२०० डी अजिबात घेऊ नका. काच सुंदर आहे, पण तिच्यात फोकसची मोटर नाही. ती बॉडीतल्या मोटरवर फिरते आणि डी५६००च्या बॉडीत ती मोटरच नाही. लेन्स बसेल, फोटोही निघेल, पण ऑटोफोकस होणार नाही.

मी हे भोगलंय. बहिणीच्या मुलीच्या अरंगेत्रमला १८० एफ २.८ डी भाड्याने आणली होती. माझ्याकडे तेव्हा डी५३०० होता. दुकानात काउंटरवरचा मुलगा म्हणाला, निकॉनची आहे, निकॉनला चालणारच. सभागृहात पहिली पुष्पांजली सुरू झाली आणि लेन्स हलेना. दोन तास हाताने रिंग फिरवत बसलो. दीडशे फोटोंतले अकरा नीट आले. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे ना, ते बघा. सिग्माची ५०-१०० आणि टॅमरॉनची जी टू, दोन्हींत स्वतःची मोटर आहे.

दुसरं, व्हीआरवर फार भिस्त ठेवू नका. व्हीआर तुमच्या हाताची थरथर सावरतं, मामांची गिरकी नाही. गेल्या वर्षी बाकडं स्पष्ट आणि मामा पुसट आले, ते त्यामुळेच. त्याला शटरचा वेगच हवा, आणि त्यासाठी मोठं अ‍ॅपर्चर. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं; एफ ६ वरून एफ २.८ वर आलात की साडेचार पट प्रकाश मिळतो. त्याच आयएसओवर १/६० चं १/२५० होतं.

प्रतिसाद २

मी सावंतवाडीची. लहानपणापासून धयकाले (दशावताराची नाटकं) बघत आलेय, गेली काही वर्षं फोटोही काढते.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आख्यान कुठलं ते ठरतं, बाकी संवाद जागच्या जागी. कोण कुठून येईल, कुठे थांबेल, किती वेळ बोलेल, हे आधी कोणीच सांगू शकत नाही. म्हणून एकट्या ८५ वर जाऊ नका. राजा-राणी एकमेकांपासून चार हात लांब उभे राहिले की एक जण फ्रेमबाहेर, आणि गर्दीत उठून मागे सरकायला जागा नसते. मुख्य लेन्स झूमच हवी.

एक गोष्ट मात्र पक्की असते, बाकडं. तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच पलंग. मामा बाकड्याशी येणारच. नाटक सुरू व्हायच्या आधी तिथे कुणाला तरी बसवून फोकस आणि एक्स्पोजर जमवून ठेवा.

फ्लॅश बॅगेतच ठेवा. रात्री दोन वाजता समोरून फ्लॅश उडाला की नटाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि संवादाची लय तुटते. स्क्रीनचा उजेडही कमी करा, मागच्यांना त्रास होतो.

आणि दव. पहाटे मांडवातसुद्धा लेन्सच्या काचेवर हात फिरवला तर ओला होतो. एसी गाडीतून उतरून लगेच बॅग उघडू नका. तासभर बंद बॅगेतच ठेवा, म्हणजे आत बाष्प धरणार नाही. मामांका माझो नमस्कार सांगा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. ८०-२०० यादीतून काढली. दादा, तुमचा अनुभव वाचला नसता तर मी तीच घेऊन गावी पोचलो असतो.

ताई, बाकड्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आता अडलंय ते सिग्मा ५०-१०० की निकॉन ७०-२०० यावर. एफ १.८ म्हणजे एफ २.८ च्या जवळजवळ अडीच पट प्रकाश. ते सोडून द्यावं का? आणि ७० मिमी माझ्या क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवर सहा मीटरवरून फार जवळचं होईल का?

प्रतिसाद ३

पंधरा वर्षं नाटकांचे फोटो काढतोय. तुम्ही अंतर मोजून आणलंत, त्यामुळे हिशेबाने उत्तर देता येतं.

डी५६००चा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिमी. कॅमेरा उभा धरला तर सहा मीटरवर ५० मिमीला साधारण २.८ मीटर उंची मावते, ७० ला २ मीटर, १०० ला १.४ मीटर आणि २०० ला ७० सेंटिमीटर. म्हणजे ७० ला मुकुटासकट उभा माणूस जेमतेम बसतो, हात वर केला की कापला जातो. १०० ला मांडीपर्यंतचा माणूस येतो. २०० ला डोक्यापासून छातीपर्यंत. (७०-२०० व्हीआर टू जवळ फोकस केल्यावर २०० पेक्षा कमी मिमीची असल्यासारखी वागते. तुमच्या अंतरावर फ्रेम ७० सेंटिमीटरपेक्षा थोडी मोठी मिळेल, त्याने बिघडत नाही.)

आता ठरवायचं ते मामांचा फोटो कुठला हवा यावर. युद्ध, गिरक्या, पूर्ण देह हवा असेल तर सिग्मा फार चांगली. चेहरा, डोळे, हाताची बोटं हवी असतील तर २०० लागेल. सिग्माच्या १०० वरून तेवढा चेहरा कापून काढलात तर २४ मेगापिक्सेलमधले सहा उरतात. शिवाय सिग्मात स्थिरीकरण नाही आणि वजन दीड किलोच्या आसपास. पहाटे चारला हाताला ते कळतं. दीड किलोची तर ७०-२०० सुद्धा आहे, पण तिच्यात व्हीआर आहे. मोनोपॉड दोन्हींना हवाच.

माझं मत: ७०-२०० एफ २.८ आणि जोडीला ८५ एफ १.८. ती ३५० ग्रॅमची आहे, खिशात राहते, भाडंही कमी. युद्धनृत्याच्या वेळी ८५ लावून मांडवाच्या मागच्या टोकाला जा. नऊ मीटरवरून उभा माणूस आरामात मावतो, आणि तुमच्या गेल्या वर्षीच्या प्रकाशात एफ १.८ ला १/५०० साठी आयएसओ ५००० पुरेल. एफ २.८ ला त्याच शटरसाठी १२८०० लागलं असतं.

फोकसचं भान ठेवा. सहा मीटर, २०० मिमी, एफ २.८ म्हणजे धारदार भाग जेमतेम दहा सेंटिमीटर. डोळ्यावर फोकस नसेल तर फोटो गेला. डी५६००चे ३९ पैकी मधले ९ फोकस पॉइंटच क्रॉस टाइपचे (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे) आहेत, अंधारात तेच वापरा. या बॉडीत एएफ फाइन-ट्यूनही नाही, त्यामुळे लेन्स आणि बॉडीचं जमतंय का, ते दुकानातच बघायला हवं. मोनोपॉडवर लावून पाच-सहा मीटरवरच्या छापील पाटीचा एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून घ्या, एक लाइव्ह व्ह्यूमधून. दोन्ही २०० ला, एफ २.८ वर. लाइव्ह व्ह्यूचा जास्त धारदार आला तर ती लेन्स तुमच्या बॉडीला लागू नाही, दुसरी मागा. मागच्या काचेतून मोबाइलचा टॉर्च मारून बुरशीचे धागे आहेत का ते पाहा, आणि ओरखडे असतील तर दुकानदारासमोरच व्हिडिओ काढून ठेवा.

एलईडीचं एक सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे साधे फ्लड सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. वेगवान शटरला काही फोटो अंधारे, काही पट्ट्यापट्ट्यांचे येतात. तुमच्या कॅमेऱ्यातलं फ्लिकर रिडक्शन लाइव्ह व्ह्यू आणि व्हिडिओपुरतंच आहे. पालखी निघायच्या आधी पांढऱ्या पडद्याचे १/२५० वर दहा फोटो काढून बघा. फरक दिसला तर शांत प्रसंगांना १/१०० वर या, आणि युद्धाला सलग फोटो घेऊन चांगले वेचा.

मोड एम (शटर आणि एफ आपण ठरवायचे), ऑटो आयएसओ, कमाल ६४००. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्येच काढा. रंग लावलेला चेहरा मांडवातला सगळ्यात उजळ भाग असतो, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर मागच्या काळोखाकडे बघून त्याला जाळून टाकतो. तुमच्या मोबाइलमधला पांढरा गोळा तो हाच. स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणं) घ्या, नाहीतर एक स्टॉप (म्हणजे निम्मा प्रकाश) खाली ठेवा. बाजूचा दिवा लाल झाला की थांबा, त्या लाल रंगात गालाचा आकारच उरत नाही.

धागाकर्ता

ठरलं. सिग्मा त्या तारखांना दुसऱ्याकडे बुक होती, त्यामुळे मोह आपोआप मिटला. ७०-२०० व्हीआर टू आणि ८५ घेतली. गुरुवारी संध्याकाळी आणायची, सोमवारी दुकान उघडताना द्यायची. पाटीची चाचणी केली, दोन्ही फोटो सारखेच आले. आधार कार्डाची प्रत आणि डिपॉझिट दिलं, पावतीवर लेन्सचा नंबर लिहून घेतला. मोनोपॉड मित्राकडून आणला.

धागाकर्ता (जत्रेनंतर)

परतलो, आज सगळे फोटो बघून झाले. साडेअकराशे काढले, ठेवण्याजोगे सत्तरेक.

पट्ट्या आल्याच. १/२५० वर दहातले तीन-चार खराब येत होते, म्हणून बोलण्याच्या प्रसंगांना १/१०० आणि १/१२५ वर राहिलो. संकासुर आला तेव्हा स्पॉटचा ठिपका त्याच्या काळ्या वेषावर पडला आणि मागचं सगळं पांढरं झालं. पुढचा तासभर एक स्टॉप खाली ठेवूनच काढले. युद्धाला मांडवाच्या मागच्या टोकाला कुणी जागा देईल असं वाटलं होतं, पण मागेही गर्दी होती. मग शाळेच्या व्हरांड्यातल्या पायरीवर चढून ८५ ने काढले. त्यातले सहा चांगले आहेत.

जो हवा होता तो साडेतीनच्या सुमारास मिळाला. मामा बाकड्यावर एकटा बसला होता, पदराचं टोक मुठीत, पायपेटीवाला सूर धरून थांबलेला. २०० मिमी, एफ २.८, १/१२५, आयएसओ ३२००. हनुवटीपाशी घामाने रंग तडकलाय आणि त्या भेगेतून मामाचा मूळ सावळा रंग दिसतो. खालच्या पापणीवर काजळ जमलंय. आईला फोनवर दाखवला, तर तिने आधी कानातले बघितले. ते आजीचे आहेत, हे मला माहीतच नव्हतं.

हा फोटो छापून मामाला द्यायचा आहे. १२ बाय १८ इंच चालेल का? स्क्रीनवर मोठा करून बघितला तर दाणे दिसतात. ते घालवू का?

प्रतिसाद ३

अभिनंदन. न कापता छापणार असाल तर ६००० पिक्सेल १८ इंचांत म्हणजे इंचाला ३३३, भरपूर आहेत. स्क्रीनवर शंभर टक्क्यांवर दिसणारे दाणे त्या आकाराच्या प्रिंटवर हातभर अंतरावरून दिसत नाहीत. नॉइज रिडक्शन फक्त रंगाच्या ठिपक्यांपुरतं लावा, बाकी हात लावू नका, नाहीतर ती हनुवटीची भेगच पुसली जाईल. कागद मॅट घ्या, चकचकीत नको. घरात ट्यूबलाइटखाली लागणार असेल तर छापायच्या आधी फोटो अर्धा स्टॉप उजळ करा. आणि एक छोटी प्रिंट आधी काढून बघा, मोठी नंतर.

प्रतिसाद २

एक प्रत मंडळालाही द्या. पेटाऱ्याच्या झाकणाला आतून लावतील.