मदत हवी आहे: गेमिंग पीसी तयार घेऊ की पार्ट निवडून जोडून घेऊ? (अर्जंट)

लूटबॉक्स_९९
नमस्कार मंडळी, गेमिंग पीसी घ्यायचाय. ऑनलाइन एक तयार पीसी बघून ठेवलाय, आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ग्राफिक कार्ड, आरजीबी (रंगीत दिव्यांचे) फॅन, काचेचा कॅबिनेट सगळं आहे, ५८,९९९ ला. एक मित्र म्हणतो तयार घेऊ नको, पार्ट निवडून असेंबल कर, स्वस्त पडतं. दुसरा म्हणतो असेंबल केलास तर बिघडल्यावर कुत्रं विचारणार नाही. ऑफर रविवारी रात्री संपतेय आणि व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय. घेऊ की नको एवढंच सांगा. लॅपटॉप सुचवू नका प्लीज.

जांभाचिरा
कुठला आय५? आय५ हे नाव २००९ पासून चालू आहे. आरटीएक्स कुठलं? गेम कुठले, मॉनिटर कुठला, बजेट ताणता येतं का, राहतोस कुठे?

आंबापेटी
माझं ऐकशील तर लॅपटॉप घे. पावसात आपल्याकडे लाइटचा काय भरवसा, लॅपटॉपला बॅटरी असते.

लूटबॉक्स_९९
@आंबापेटी वर काय लिहिलंय मी?
@जांभाचिरा एवढं कशाला लागतं सांगायला. गेम नेहमीचेच.

बांगडा_ओव्हरक्लॉक
नेहमीचे म्हणजे खंयचे रे बाबा? माझो झिल दिवसभर कॅरम खेळता मोबायलवर, तोय म्हणता नेहमीचोच गेम.

लूटबॉक्स_९९
बरं घ्या. व्हॅलोरंट, जीटीए ५, आणि सहावा आला की तो. जाहिरातीत लिहिलंय ते जसंच्या तसं: आय५ १२४००एफ, १६ जीबी डीडीआर४, आरटीएक्स ३०५०, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, ५०० वॅट गेमिंग एसएमपीएस, १ वर्ष वॉरंटी.

सोलकढी_रिफिल
जीटीए ६ जाहीर झालाय तो पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. मग सरळ पीएस५ घे ना, टीव्हीला लावला की संपलं, ना ड्रायव्हर ना विंडोज.

जांभाचिरा
व्हॅलोरंट कन्सोलवर कीबोर्ड-माउसने खेळता येत नाही, त्याला पीसी पाहिजे तर पीसीच राहू दे.
आता मुद्द्याचं. नुसतं "आरटीएक्स ३०५०" लिहिलंय तिथेच थांब. या नावाची दोन वेगळी कार्डं विकली जातात. जुनं ८ जीबीचं, १२८ बिट बसवालं (बस म्हणजे मेमरीचा रस्ता), १३० वॅट खाणारं. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आलेलं ६ जीबीचं, ९६ बिट, ७० वॅट. दुसऱ्यात मेमरीच कमी आहे असं नाही, कोरसुद्धा कमी आहेत, २५६० च्या जागी २३०४. डब्यावर नाव सारखंच, आणि जाहिरातवाले नेमका आकडा गाळतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे ६ जीबीवाल्याला बहुतेक वेळा वेगळी पॉवर केबल लागतच नाही, बोर्डाच्या स्लॉटवरच चालतं. फोटोत काचेतून कार्डाला केबल जाताना दिसतेय का बघ.
१६ जीबी रॅम एक काडी आहे की ८ च्या दोन? एकच असली तर व्हॅलोरंटसारख्या सीपीयूवर चालणाऱ्या गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम बऱ्याच कमी होतात.
आणि "५०० वॅट गेमिंग एसएमपीएस" हे काय कंपनीचं नाव नव्हे. एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, तो कुणाचा ते कळायला हवं.

आंबापेटी
इंटेल नकोच मुळात. त्यांचे प्रोसेसर आपोआप खराब होत होते, २०२४ मध्ये केवढा गाजावाजा झाला, व्होल्टेज जास्त जाऊन क्रॅश.

जांभाचिरा
ते १३ व्या आणि १४ व्या पिढीचं, आणि त्यातही वरच्या मॉडेलांचं. १२४०० त्यात येत नाही. अर्धी बातमी वाचून पोराला घाबरवू नका.

आंबापेटी
घाबरवत नाही, एएमडीचं एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) असलेलं बोर्ड घे म्हणतोय. एएमडीने त्या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढे सपोर्ट सांगितलाय. इंटेलचं ते बोर्ड म्हणजे पुढे रस्ता बंद.

जांभाचिरा
एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते आणि २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव जे चढलेत ते बघितलेत का? ५९ हजारात एएम५ बसवून ग्राफिक कार्डाच्या जागी काय, आंब्याची पेटी ठेवायची?

सोलकढी_रिफिल
😂 पिंग किती येतो तुझा, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला नेट किती वेळ घेतं? फायबर घेतलंयस का? वायफायवर खेळू नकोस, लॅन केबल ओढ.

लूटबॉक्स_९९
अहो पिंगचं कोणी विचारलंय. तयार की असेंबल???

गुहागरकरीण
भाऊ, राहतोस कुठे ते अजून सांगितलं नाहीस. दोनदा विचारायला लावू नकोस, त्यावरच सगळं आहे.

लूटबॉक्स_९९
देवबाग, मालवण. घराच्या मागे समुद्र, पुढे रस्ता ओलांडला की खाडी. त्याचा पीसीशी काय संबंध ताई?

गुहागरकरीण
बराच संबंध आहे. आमचंही घर किनाऱ्यालाच, म्हणून सांगते. खारी हवा आत ओढणारे पाच-सहा पंखे आणि समोर जाळी असला कॅबिनेट खिडकीपाशी ठेवलास तर स्क्रू आणि स्लॉटची पट्टी आधी तांबूस होते, मग रॅमच्या सोनेरी दातांवर थर धरतो आणि एके दिवशी पीसी चालू होतो पण स्क्रीन काळी. रॅम काढायची, खोडरबराने दात हलके पुसायचे, परत बसवायची, चालू. हे तुला स्वतःला करता आलं पाहिजे, नाहीतर दर पावसाळ्यात कुणाची तरी वाट बघत बसशील. तयार पीसीच्या कॅबिनेटवर "सील तोडल्यास वॉरंटी नाही" असला स्टिकर असतो का ते आधी विचार. तो असेल तर तुझ्या उपयोगाचा नाही.
पावसात पीसी बंद ठेवू नकोस, रोज थोडा चालू राहिला की आतल्या उबेनं ओल धरत नाही.

बांगडा_ओव्हरक्लॉक
ह्या खरा. आमचे बापूस पावसात क्यामेरो कपाटात ठेवीत आणि आत झिरोचो बल्ब लावून ठेवीत. एक बुरशी नाय लेन्सीक.

सोलकढी_रिफिल
आमच्याकडे तांदळाच्या डब्यात ठेवायचे. आणि मुंग्यांचं काय? माझ्या एसएमपीएसमध्ये लाल मुंग्यांनी घर केलं होतं, उघडला तर अंडी.

आंबापेटी
लक्ष्मणरेषा ओढा खडूने टेबलाच्या पायाला. पाली पण आत जातात, मागच्या बाजूची न वापरलेली स्लॉटची फट बंद ठेवावी.

गुहागरकरीण
पाली-मुंग्यांचा वेगळा धागा काढा बाबांनो 🙏
लूटबॉक्स, अर्थिंग तपासलंस का? जांभ्यात खड्डा मारलेला असतो, मे महिन्यात तो कोरडाठाक पडतो आणि अर्थ नावापुरता उरतो. तारपिनचं बटण लावून चालू पीसीच्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात ना, ते त्याचंच लक्षण. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघायला सांग, दोन-तीनच्या आत हवं. जास्त आलं तर खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पाणी ओत, आणि दर उन्हाळ्यात ओत.

जांभाचिरा
तारपिनचं नव्हे ताई, तीनपिनचं 😀 ऑटोकरेक्ट. बाकी शंभर टक्के. त्यात भर, घरी इन्व्हर्टर असेल तर मागे यूपीएस/नॉर्मल असं बटण असतं, ते यूपीएसवर कर, नाहीतर लाइट गेली की पीसी रीस्टार्ट. आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगला एसएमपीएस त्याच्यावर कुरकुर करतो, साइन वेव्हचाच हवा. वेगळा यूपीएस घेणार असशील तर ६०० व्हीए म्हणजे ३६० वॅटच धर, तो गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता असतो, मॅच संपवायला नव्हे.
वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेव. स्विच बंद करून भागत नाही. राउटरचा पण.

लूटबॉक्स_९९
दुकानात फोन केला. कार्ड ६ जीबीचंच. रॅम एक काडी. एसएमपीएस कुठला विचारलं तर "स्टॉकला असेल तो लावतो सर". वॉरंटीला अख्खा पीसी कुरियरने दिल्लीला पाठवायचा, खर्च आपला. सील आहे.

आंबापेटी
काचेचा कॅबिनेट दिल्लीला?? परत येईल तेव्हा पोत्यात भरून येईल.

जांभाचिरा
मग झालं. तयार पीसी सगळेच वाईट असं मी म्हणणार नाही, मोठ्या ब्रँडचा घरी येऊन दुरुस्त करणारा घेतलास आणि तुझ्या पिनकोडला माणूस खरंच येतो हे लेखी मिळालं तर तो घ्यावा, पैसे जास्त गेले तरी. पण त्यांच्यातले काही बोर्ड आणि एसएमपीएस स्वतःच्याच मापाचे वापरतात, उद्या बाजारातला बसत नाही, ते बघून घे. तू पाहिलेला मात्र ना धड ब्रँडचा ना धड असेंबल. कुडाळ-कणकवलीत जोडून देणारे आहेत, जवळच्या माणसाकडून घे, मान धरता येते. प्रत्येक पार्टचं नाव आणि सिरीयल नंबर जीएसटी बिलावर, आणि रिकामे डबे घरी आण. आई रद्दीत घालेल, आधीच सांगून ठेव.

लूटबॉक्स_९९
कुडाळच्या एकाने यादी दिली: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, रॅमच्या ८ च्या दोन काड्या, आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड ८ जीबी, ५५० वॅट ब्रॉन्झ एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, ६४ हजार. बाबा ६५ ला तयार झालेत.

जांभाचिरा
घे. ६६०० त्या ३०५० च्या बरंच पुढे आहे. एवढंच की ५६०० ला स्वतःचं ग्राफिक नाही, एचडीएमआय खाली कार्डात लाव. वर बोर्डाच्या पोर्टात लावून "डिस्प्ले येत नाही, अर्जंट" म्हणून नवा धागा काढू नकोस. मॉनिटर कुठला ते पहिल्या दिवसापासून विचारतोय.

लूटबॉक्स_९९
टीव्ही आहे ना हॉलमध्ये. ३२ इंची, एचडी रेडी.

जांभाचिरा
१३६६ बाय ७६८ पिक्सेल, ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. म्हणजे कार्ड अर्धं झोपून काढणार. २४ इंची १०८० चा, १०० हर्ट्झच्या वरचा मॉनिटर त्यातच बसव. कॅबिनेट साधा घे, आरजीबी काढ, एसएसडी (साठवणूक) पुढच्या वर्षी वाढव. एसएमपीएसला हात लावू नको.

बांगडा_ओव्हरक्लॉक
आणि टीव्ही अडवलंस तर आवशीची सिरीयल खंय लागतली?

लूटबॉक्स_९९
मॉनिटरचं बाबांना अजून सांगितलं नाहीये. वायरमन उद्या येतोय, न्यूट्रल-अर्थचा आकडा टाकतो इथे.