फेअर आयल: मे महिन्यात वारा कोणता बघायचा?

प्रश्न: स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांपैकी फेअर आयलला आठवडाभर जातोय. ब्लूथ्रोट, तांबड्या पाठीचा खाटीक असे स्थलांतरी पक्षी दिसायला हवामान कसं लागतं? कुठे शोधू?

उत्तर १: आग्नेयेचा वारा, त्यात पाऊस किंवा धुकं. नॉर्वेकडे निघालेले पक्षी भरकटून बेटावर उतरतात. निरभ्र रात्री मात्र वरूनच निघून जातात. उजाडताच दक्षिणेकडची शेतं आणि चर धरा. झाडं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे ब्लूथ्रोट चरातून उंदरासारखा पळतो.

उत्तर २: दगडी बांधाची आडोशाची बाजू बघा, वाऱ्याकडची बहुधा रिकामी. कड्यांतल्या घळीही तपासा, पण ओल्या गवतावर पाय घसरतो, काठापासून लांबच राहा.

उत्तर ३: धुकं पक्ष्यांसाठी झकास, विमानासाठी नाही. परतीला दोन-तीन दिवस मोकळे ठेवाच. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या.