एकदांडीच्या अर्काचं रीडिंग उणे येऊन राहिलं, काय करू?

महालची_पोट्टी:
नागपूरला एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्टला एकदांडी घेतली. लहानपणी गुडघा फुटला की आजी तिचाच पाला चुरगाळून जखमेवर दाबायची, म्हणून. अंबाझरीकडच्या रिकाम्या प्लॉटवरून पाला आणला, सावलीत वाळवला, मेथॅनॉलमध्ये भिजवून अर्क काढला. डांबरासारखा चिकट, हिरवागार.

नुसत्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवून म्युलर-हिंटन अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) वेलमध्ये, म्हणजे खळग्यात टाकला. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूवर 13 मिमीचा झोन (खळग्याभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ), खूश झाले. मग पाहते तर एकट्या डीएमएसओच्या वेललाही 10! ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूवर काहीच नाही. सुजेसाठी अंड्याच्या अल्ब्युमिनची टेस्ट केली (तापवल्यावर हे प्रथिन गढूळ होतं, ते अर्क किती टक्के रोखतो ते पाहायचं), डायक्लोफेनॅक हे सुजेवरचं औषध बरोबर चाललं, माझा अर्क मात्र उणे 31 टक्के. गाइड म्हणतात पुन्हा कर. चूकच कळली नाही तर पुन्हा काय करू जी?

जुना_लॅबवाला:
रीडिंग 660 नॅनोमीटरला घेतलंस ना? हरितद्रव्य नेमकं तिथंच प्रकाश शोषतं. तू गढूळपणा मोजायला गेलीस अन् पाल्याचा रंग मोजून आलीस. प्रत्येक मात्रेला वेगळा ब्लँक लाव: तोच अर्क, तेच बफर, फक्त अल्ब्युमिन नाही. 70 अंशांवर तोही तापव आणि ते रीडिंग वजा कर.

डीएमएसओ पातळ कर, निव्वळ डीएमएसओ जिवाणूंना स्वतःच मारतं. आणि झोनवर फार भिस्त ठेवू नको, असला चिकट अर्क अगारमध्ये पसरतच नाही. ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) एमआयसी काढ, म्हणजे वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा. हिरव्या अर्कात वाढ डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून रेझाझुरिन हा रंग टाक. निळं राहिलं तर वाढ थांबली, गुलाबी झालं तर जिवाणू मजेत आहेत. जिवाणू न टाकलेली एक वेलही ठेव, काही अर्क रेझाझुरिनला आपणहूनच गुलाबी करतात. आमची एक अख्खी बॅच यापायी वाया गेली होती.

पानफूल_४४:
ई. कोलायचं मनावर घेऊ नको, त्याच्यासारख्या ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, बऱ्याच वनस्पतींचे अर्क तिथंच अडतात. पण झाड ओळखून घेतलंस का? लांब एकच दांडी, मधे पिवळं, कडेच्या पांढुरक्या पाकळ्यांना टोकाशी तीन दाते. वाळवायच्या आधी एक फांदी हर्बेरियमसाठी (ओळखीचा वाळवलेला नमुना म्हणून) दाबून ठेवायला हवी होती, व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येतो. आणि अल्ब्युमिनवरून ‘सूज उतरवते’ असं लिहू नकोस. प्रथिनाचं विकृतीकरण रोखते, एवढंच.

महालची_पोट्टी:
काका, ब्लँक वजा केला, उणे 31 चे अधिक 36 झाले! डीएमएसओ पातळ केल्यावर ऑरियसचा झोन मात्र 9 वर आला. थोडं वाईट वाटलं. आज सकाळीच त्या प्लॉटवर जाऊन फुलासकट फांदी आणली, दाते मोजले, तीनच आहेत. रेझाझुरिन डिपार्टमेंटमध्ये संपलंय, सोमवारी येईल म्हणतात.