कराचा दर तोच, पण करयोग्य मूल्य वाढले : सभागृहाची देखरेख नेमकी कुठे?

प्रश्न (सोसायटी सचिव)

आमची गृहनिर्माण संस्था एका महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. यंदा सर्व सदनिकाधारकांना विशेष नोटिसा आल्या असून, बांधकामात काहीही बदल झालेला नसताना मालमत्ता करासाठीचे करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर हा कर आकारला जातो ती रक्कम, वाढवल्याचे त्यांत नमूद आहे. कराचा दर मात्र गेल्या वर्षीचाच आहे. प्रभागातील नगरसेवकांची भेट घेतली असता, दर ठरवणे सभागृहाच्या हातात असले तरी मूल्य ठरवणे आयुक्तांच्या हातात आहे, असे सांगून त्यांनी हात वर केले. मूल्य वाढले की बिल वाढतेच. मग दर ठरवण्याच्या अधिकाराला अर्थ काय उरतो?

उत्तर (निवृत्त कर निरीक्षक)

नगरसेवकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 99 प्रमाणे स्थायी समितीच्या प्रस्तावांचा विचार करून सर्वसाधारण सभेने, म्हणजेच सभागृहाने, 20 फेब्रुवारीपर्यंत पुढील वर्षाचे दर निश्चित करायचे असतात, तर करयोग्य मूल्य कराधान नियमांनुसार आयुक्त ठरवतात.

या सीमारेषेवरचा वाद नाशिकमध्ये 2018 साली विकोपाला गेला होता. तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी वार्षिक भाडेमूल्याचे दर, ज्यांवरून करयोग्य मूल्य काढले जाते, आपल्या आदेशाने वाढवले, मोकळ्या जागाही त्यात आल्या आणि शेतकऱ्यांसह शहरभर विरोध झाला. ऑगस्टमध्ये नगरसेवकांनी अविश्वास प्रस्ताव आणला. आयुक्तांनी वाढ कमी केली, मुख्यमंत्र्यांच्या मध्यस्थीनंतर प्रस्ताव मागे घेण्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये मुंढे यांची बदली झाली. सभागृहाला मूल्याचा आकडा थेट बदलता येत नसला तरी ते किती दबाव आणू शकते, हे त्यातून दिसले.

एक हत्यार मात्र कोणी फारसे वापरत नाही. मुख्य लेखापरीक्षक आपला अहवाल स्थायी समितीपुढे ठेवतात. कोणत्या व्यापारी इमारतींची आकारणी कमी झाली आहे, हा प्रश्न समितीतील सदस्याने तेथे लावून धरला, तर कर विभागाला उत्तर द्यावेच लागते.

उत्तर (चाळकरी)

सभागृहावर इतकी भिस्त ठेवू नये, असे मला वाटते. निवडणूक जवळ आली की कोणताही पक्ष जुन्या मिळकतींच्या मूल्याला हात लावू देत नाही. वाढीव भाडेदर फक्त नव्या बांधकामांना लागू होतात आणि एकाच गल्लीत जुन्या वाड्याशेजारच्या नव्या इमारतीतील रहिवासी कितीतरी पट कर भरतो. अर्थात, प्रशासक काळात, म्हणजे निवडून आलेले सभागृह नसताना, स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा या दोन्हींचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे होते, म्हणजे प्रस्तावही त्यांचा आणि मंजुरीही त्यांचीच, ही व्यवस्था त्याहून वाईट होती, हे मान्य करावे लागेल.

उत्तर (निवृत्त कर निरीक्षक)

हा आक्षेप रास्त आहे. पण सचिव महोदयांनी आधी नोटिशीकडे पाहावे, कारण मुदत तिथे चालू झाली आहे. मूल्य दोन कारणांनी वाढते : भाडेदर बदलल्याने किंवा मोजमाप बदलल्याने. उदाहरणार्थ, 600 चौरस फुटांना दरमहा 2 रुपये प्रति चौरस फूट दर धरल्यास वार्षिक भाडे 14,400 रुपये होते आणि दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा जाता करयोग्य मूल्य 12,960 रुपये उरते. त्याच सदनिकेची नोंद फेरमोजणीत 720 चौरस फूट अशी झाली, तर हेच मूल्य 15,552 रुपये होते. बंदिस्त केलेली बाल्कनी किंवा सामाईक जिना त्यात धरला आहे का, हे मोजणीपत्रकाची प्रत मागितल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा प्रत्येक सदनिकाधारकाने नोटिशीतील तारखेच्या आत स्वतंत्र लेखी तक्रार द्यावी आणि पोचपावतीवर आवक क्रमांक घ्यावा. कलम 406 खाली न्यायालयात अपील करायचे झाल्यास आधी अशी तक्रार केलेली असावी लागते आणि वादातील रक्कमही भरावी लागते. संस्थेच्या लेटरहेडवरील एकच सामूहिक पत्र तेव्हा पुरेसे ठरेल याची खात्री देता येत नाही.