जुनी पेट्रोल अँबेसिडर (१४८९ सीसी): मॅनिफोल्डचं पॅकिंग कोणतं घ्यावं, कसं बसवावं?

प्रश्न — मार्कफोर_कोल्हापूर

गाडी बीएमसी बी-सिरीज इंजिनाची, सोलेक्स कार्बोरेटर. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की डाव्या बाजूने टकटक येते, पाच-सात मिनिटांत बरीच कमी होते. चार नंबरच्या सिलिंडरच्या फ्लँजखाली (नळीच्या तोंडाची सपाट कड) काजळी धरली आहे. आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) एका जागी ठरत नाही आणि उतारावर पाय काढला की सायलेन्सरमध्ये फटफट होते. मॅनिफोल्डचं (हेडला जोडलेल्या, मिश्रण आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) पॅकिंग गेल्या वर्षीच बदललेलं आहे.

दुकानात तीन प्रकार मिळतात: साधं करडं कंपोझिट, एका बाजूला पत्रा असलेलं आणि तांब्याचं. कोणतं घ्यावं? पत्रा कुठल्या बाजूला ठेवायचा? सोबत लाल सिलिकॉन लावावं का? आणि नट किती आवळायचे?

उत्तर — आटे_आणि_पान्हे

लक्षणं मॅनिफोल्ड गळतीचीच आहेत. टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) आवाज असता तर तो व्हॉल्व्ह कव्हरखालून आला असता आणि गरम झाल्यावर असा विरला नसता. बीड (मॅनिफोल्डचं ओतीव लोखंड) तापून फुगलं की फट मिटते, म्हणून टकटक थांबते. पाय काढल्यावरच्या फटफटीचं कारणही तेच: फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं.

मात्र वर्षभरात पॅकिंग गेलं असेल तर नुसतं नवं पॅकिंग आणून भागणार नाही. या इंजिनात इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारं) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारं) मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला आहेत आणि दोघांना मिळून एकच पॅकिंग आहे. इनटेकची दोन तोंडं, एक १-२ सिलिंडरांचं, दुसरं ३-४ चं. एक्झॉस्टची तीन: दोन टोकांना आणि २-३ चं मिळून मध्ये. काही स्टडवरचा (हेडमध्ये बसवलेल्या, नट चढणाऱ्या आट्यांच्या दांड्यांवरचा) जाड वॉशर एकाच वेळी इनटेकची आणि एक्झॉस्टची फ्लँज दाबतो. दोन्ही फ्लँजची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरका बसतो, जाड फ्लँज दाबली जाते आणि पातळ फ्लँज सैल राहते. तुमच्याकडे एक्झॉस्ट गळतोय आणि आयडलिंगही डळमळतं, म्हणजे दोन्हीकडून फट असण्याचा संभव मोठा. नट कितीही आवळा, हा दोष जात नाही.

म्हणून आधी मोजा. मॅनिफोल्ड काढून तोंडं घासून स्वच्छ करा. सरळ पोलादी पट्टी सगळ्या तोंडांवर आडवी आणि तिरकी धरून खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घाला. ०.१० मिमीचं पान जात नसेल तर ठीक. ०.२० च्या पुढे असेल तर फेसिंग करून (मशीनवर तोंड सपाट करून) घ्या. हेडचं तोंडही असंच बघा. मग व्हर्नियरने स्टडशेजारी दोन्ही फ्लँजची जाडी मोजा.

जुनं पॅकिंग काढताना एक काळजी घ्या. जुन्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे कोरडं खरवडू नका, ड्रिलला वायर ब्रश लावून तर मुळीच नाही. पाण्याने भिजवून पातळ पात्याने काढा, तुकडे पिशवीत बांधून टाका.

आता निवड. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला एका बाजूला पत्रा असलेलं कंपोझिट घ्या, आत जाळीदार पोलादी पत्रा असलेलं मिळालं तर उत्तम. मऊ बाजू हेडकडे, पत्रा मॅनिफोल्डकडे. बीड तापल्यावर लांबीला सरकतं, त्याला गुळगुळीत पत्र्यावर सरकता आलं पाहिजे. मऊ बाजू तिकडे आली तर ती दर वेळी ओरबाडली जाते. पॅकिंगवर बनवणाऱ्याने बाजू छापली असेल तर मात्र तीच खरी. साधं करडं पॅकिंग इनटेकपुरतं चालतं, पण एक्झॉस्टच्या तोंडाशी कडा लवकर जळतात. तांब्याचं पॅकिंग तोंडं एकदम सपाट असतील तरच घ्यावं. ते मोठी फट भरत नाही आणि पुन्हा वापरायचं तर लाल तापवून मऊ करावं लागतं.

लाल सिलिकॉन नको. त्याची मर्यादा साधारण ३००-३५० अंश सेल्सिअस, एक्झॉस्टच्या तोंडाशी त्यापेक्षा जास्त तापतं. इनटेककडे तर पेट्रोलने ते फुगून सुटतं आणि तुकडा आत ओढला जातो. पॅकिंग कोरडंच बसवा.

दुकानात सांगताना नुसतं "अँबेसिडर १४८९" म्हणू नका, डिझेल इंजिनही १४८९ सीसीचंच होतं. "बीएमसी पेट्रोल" म्हणा. १.८ लिटर इसुझू इंजिनाचं पॅकिंग वेगळं. आणलेलं पॅकिंग आधी हेडवर धरून बघा. भोकाची कड तोंडाच्या आत डोकावत असेल तर ते परत करा.

उत्तर — बीडकाम

स्टडबद्दल थोडं. आटे इंची आहेत, नटाच्या बाजूला ५/१६ इंच यूएनएफ (बारीक इंची आटे), इंचाला २४. पान्हा अर्ध्या इंचाचा. बाजारातला ८ मिमीचा नट दोन आटे चढतो, मग आटे कापत जातो, म्हणून पिच गेज (आट्यांचं अंतर तपासायचं माप) लावल्याशिवाय नट घेऊ नका. शक्यतो पितळी नट घ्या, ते गंजून स्टडला धरत नाहीत.

काढायच्या आदल्या रात्री भेदक तेल मारून ठेवा. नट अडला तर जोर न करता थोडा घट्ट, थोडा सैल असा हलवत काढा. स्टड तुटलाच तर ईझी-आउट (तुटक्या स्टडात भोक पाडून घालायचा उलट्या आट्यांचा काढणारा) शेवटचा उपाय, कारण तो आत मोडला की साध्या ड्रिलने कापत नाही. तुटलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्डिंग करा, किंचित निवू द्या आणि फिरवा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंज सुटतो. बॅटरीची वायर आधी काढा, कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी लांब न्या.

नवीन स्टड बसवण्यापूर्वी भोकात तार घालून बघा. भोक आत पाण्याच्या जागेत उघडत असेल तर त्या आट्यांना थ्रेड सीलंट लागेल, नाहीतर कूलंट झिरपतं.

मार्कफोर_कोल्हापूर

मोजलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड टोकांना ०.३५ मिमी वाकलंय. वर्कशॉपवाला म्हणतो, फक्त एक्झॉस्टचं तोंड मारून (मशीनवर सपाट करून) देतो, इनटेक ठीक आहे.

उत्तर — आटे_आणि_पान्हे

नको! एकट्या एक्झॉस्टचं तोंड मारलं की त्याची फ्लँज पातळ होणार आणि तिरक्या वॉशरची भानगड पुन्हा सुरू. दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र जोडून, एकाच सेटिंगमध्ये, एकाच पातळीत मारायला सांगा. हॉटस्पॉटला (जिथे दोन्ही मॅनिफोल्ड एकमेकांना जोडलेले असतात तिथे) मधलं पॅकिंग असेल तर ते नवं घालूनच जोडा. परत आल्यावर जाडी पुन्हा मोजा. किरकोळ फरक उरला तर जाड फ्लँजची वॉशरखालची बाजू कानशीने उतरवा, पॅकिंगकडची बाजू नव्हे.

बसवताना हॉटस्पॉटचे बोल्ट अर्धवट सैल ठेवा, म्हणजे दोन्ही तोंडं हेडवर आपापली टेकतील. नट आधी हाताने टेकवा, मग मधून बाहेरच्या दिशेने तीन फेऱ्यांत आवळा: ७, १४, २० न्यूटन-मीटर. जुन्या मापात शेवट १५ पौंड-फूट. लांब पान्ह्याने "अजून थोडं" करू नका. मग हॉटस्पॉटचे बोल्ट घट्ट करा.

सायलेन्सरचा पुढचा पाइप सगळ्यात शेवटी जोडा आणि त्याचा गिअरबॉक्सजवळचा ब्रॅकेट जागेवर आहे का ते बघा. तो नसला की पाइपाचं वजन आणि इंजिनाचं हलणं थेट मॅनिफोल्डवर येतं. पॅकिंग वर्षात जाण्याचं हेही एक कारण, आणि बहुतेक वेळा तिकडे कोणी बघतच नाही.

उत्तर — धूरपाणी

तपासणीसाठी इंजिन बंद आणि थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या टोकात फडक्याने गच्च बसवा आणि एक्झॉस्टच्या सांध्यांवर साबणपाणी फवारा. फुगे आले तिथे फट. इनटेकसाठी इंजिन थंड असतानाच सुरू करून सांध्यावर थोडं पाणी फवारा. आवाज बदलला की तिथून हवा खेचली जातेय. कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारून बघायची पद्धत आहे, पण खाली तापलेलं एक्झॉस्ट असताना ती करू नका.

काम होईपर्यंत गाडी बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नका आणि पेडल-वायरिंगच्या भोकांचे रबर जागेवर आहेत का ते बघा. या गळतीतला कार्बन मोनॉक्साइड त्याच भोकांतून आत येतो आणि त्याला वास नसतो.

बसवल्यावर इंजिन पूर्ण तापवा, पूर्ण गार होऊ द्या, मग त्याच क्रमाने तेवढ्याच टॉर्कला नट पुन्हा तपासा. कंपोझिट पहिल्या तापण्यात दबतं, त्यामुळे एक-दोन नट हमखास थोडे फिरतात. ३००-४०० किलोमीटरनंतर आणखी एकदा. आयडलिंग आणि मिक्श्चर त्यानंतरच लावा. आधीचा स्क्रू हवेच्या गळतीला धरून लावलेला असणार, त्यामुळे आता मिश्रण जाड निघेल.